काडेपेटी

लवू मेस्त्री नमुना काडेपेटीतून आणायचा,
वर जाळ्याचा निळा दोरा गुंडाळलेला,
आणि टेबलावर ठेवताना उगाच खोकायचा.
"डबी दिली होती ना तुम्हाला?"
"ती नातीन घेतल्यान. शिंपले भरून ठेवल्यान."

दवाखान्याची मागची खोली,
खिडकीतून सुकत घातलेल्या बांगड्यांचा वास.
काडीच्या टोकावर थोडंसं घ्यायचं,
एका अंगाला मिठाचं पाणी, एका अंगाला आयोडीन,
वर काच. मग नळीला डोळा.

अंडी दिसायची. त्याची दिसायचीच.
दोन्ही टोकांना बूच मारलेली पिंपं,
जेटीवर डिझेलची असतात तशी,
तपकिरी, सुबक,
कुणाचं काही वाकडं करणार नाहीत अशी.
एकदा अमीबा, सावकाश सरकणारा,
पोटात दोन-तीन लाल पेशी.
मी शिपायाला बोलावून दाखवला होता,
इतका छान दिसत होता.

रजिस्टरात लिहिलं : जंत, आढळले.
गोळ्या मिळाल्या. घरी बायकोनं वावडिंग दिलं.
"रगत पडता गो बाय," तो म्हणाला.
जंतांनी पडतं कधीकधी, मी म्हटलं.
पुढल्या वर्षी म्हटलं, मूळव्याध असेल,
होडीत बसून बसून.
तो होडीत बसत नसे. होड्या बांधायचा.
हे मला माहीत होतं.

दत्तजयंतीच्या आठवड्यात बांबोळीहून कागद आला.
मोठं आतडं, डावी बाजू.
पुढचा शब्द घरात कुणी मोठ्यानं वाचला नाही.

मी भेटायला गेले तेव्हा तो खाडीच्या कडेला,
पालथ्या होडीशी, पोट धरून बसलेला.
"ह्या बघ." फळीवर टाचणीएवढं भोक.
पटाशीचा एक घाव घातला
आणि आत बोगदेच बोगदे, पांढऱ्या अस्तराचे,
लाकूड नावालाच उरलेलं.
"आता सांग. कीड लागली म्हणान फळी कुसली,
की कुसकी होती म्हणान कीड लागली?"

मी वाचलं होतं थोडं, डॉक्टरांना विचारलं होतं.
म्हटलं, काही रोग्यांत दोन्ही सापडतात म्हणे.
वर्षानुवर्षं आत सूज धुमसत राहिली
तर पेशी वाट चुकत असतील.
किंवा बिघडलेल्या आतड्यात जंतूंना बरं पडत असेल.
किंवा दोघांचा संबंधच नसेल,
दोघं एकाच विहिरीवरचे, इतकंच.

तो चिरेत काथ्या कोंबत ऐकत होता.
"म्हंजे तुका म्हायत नाय."
"नाही."
"डॉक्टराक?"
"नक्की असं नाही."
"मगे इतकी वर्षां त्या नळयेत काय बघी होतंस?"

अंडी बघत होते, लवूकाका.
एक दिसलं की डोळा काढायचे.
रक्ताच्या रकान्यात एक बारीक टिंब द्यायचे
आणि पुढची काडेपेटी उघडायचे,
बाहेर रांग असायची, दुपारची बस असायची.
जंतांनी तुमचं आतडं पोखरलं की नाही
हे कधीतरी कुणीतरी मोजून सांगेल.
पण जंत सापडले म्हणून
आणखी काही शोधायचं थांबलं,
त्याला कुणाच्या अभ्यासाची गरज नाही.

आता अंडं दिसलं तरी काच सरकवते,
वाफ्यातून पाणी फिरवावं तशी, ओळ संपली की परत.
टिंब देत नाही. रक्त असं अक्षरात लिहिते,
पुढे पाठवा, याखाली दोन रेघा.
नवे डॉक्टर विचारतात, "जंत आहेत ना यात? मग?"
आहेत, मी म्हणते. ते कागद हातात धरून उभे राहतात.

काल त्याची नात आली होती डबी परत द्यायला.
धुऊन आणली होती तिनं, झाकण घट्ट लावून.
तळाला थोडी वाळू चिकटलेली.
नमुन्यांच्या रांगेत ठेवलीय मी ती,
नंबर न टाकता.